एकशेवीसमधला माझा हिस्सा

देवगडकडच्या आमच्या गावात आमची सव्वादोन एकर जमीन आहे आणि तिच्या सातबाऱ्यावर एकोणीस नावं आहेत. त्यातली सहा माणसं वारली, दोघांचा पत्ता नाही आणि उरलेले अकरा एकमेकांशी बोलत नाहीत. या मे महिन्यात एकदाची सरकारी मोजणी लागली. नोटिशीवर वेळ सकाळी अकराची होती. म्हणजे भूकरमापक साडेबाराला येणार, दीडपर्यंत त्यांनी कोणाकडे जेवायचं यावरून वाद होणार आणि मोजणी प्रत्यक्ष सुरू व्हायला तीन वाजणार, असा अनुभवी हिशोब करून मी पहाटे डोंबिवलीहून निघालो. निघालो ते इलेक्ट्रिक गाडीने. रेल्वेचं तिकीट मिळालं नव्हतं हे खरं कारण. पर्यावरण हे बायकोला सांगितलेलं कारण.

माझी गाडी जुन्या पिढीतली. बॅटरी ३० किलोवॅट-तासांची, सांभाळून चालवली तर दोनशे किलोमीटर जाते. सांभाळून म्हणजे एसी बंद, वेग सत्तर आणि मागून येणारा आंब्याचा टेम्पो हॉर्न वाजवतोय तिकडे दुर्लक्ष. घाट उतरताना ब्रेकमधून वीज परत बॅटरीत जाते. तेव्हा टक्का एकाने वाढलेला दिसला की असा आनंद होतो, की पुढचा चढ लागेपर्यंत माणूस शीळ घालतो.

वाटेत एकदा थोडी आणि मग चिपळूणला गाडी भरून घेतली होती. पुढे हातखंबा सोडल्यावर एक थांबा ठरवला होता. अ‍ॅपमध्ये तो हिरवा दिसत होता. राजापूरची गंगा जशी येते तेव्हा येते आणि जाते तेव्हा जाते, आपण फक्त बातमी ऐकून निघायचं, तसंच या हिरव्या ठिपक्यांचं असतं. पण इथे मशीन होतं! आवारात, चिकूच्या झाडाखाली, चालूसुद्धा होतं. फक्त त्याचा प्लग माझ्या गाडीला बसत नव्हता. ते होतं ‘भारत डीसी-००१’ जातीचं, पहिल्या काळातलं, १५ किलोवॅटचं, कमी व्होल्टच्या गाड्यांसाठी केलेलं. माझ्या गाडीला लागतो सीसीएस-२: वर सात छोटी भोकं, खाली दोन जाडी. याचं तोंड गोल आणि वेगळंच. मी तरी दोनदा लावून पाहिलं. राखणदार म्हणाला, "साहेब, सगळे दोनदा लावून बघतात."

शेजारच्या लॉजच्या मालकांनी उदार मनाने आपला खांब दाखवला. साडेसात किलोवॅटचा, एसी, म्हणजे घरात येते तसल्या विजेचा. एसीवर लावलं की वीज आधी गाडीच्या पोटातल्या छोट्या चार्जरमधून जाते आणि माझ्या गाडीच्या पोटातला चार्जर ३.३ किलोवॅटचा. खांब साडेसातचा असो की बावीसचा, माझी गाडी घेणार घरच्या पंधरा अँपिअरच्या प्लगावर घेते तेवढंच. ऐंशी टक्क्यांपर्यंत जायला पाच तास लागले असते. मालक म्हणाले, रूम घ्या. मी पुढे निघालो.

खारेपाटण ओलांडलं तेव्हा बॅटरी ९ टक्क्यांवर होती आणि माझा रक्तदाब त्याच्या उलट दिशेने चालला होता. आणि तिथे, एका हॉटेलच्या पुढ्यात, पत्र्याच्या नव्या शेडखाली, ते उभं होतं. चकचकीत. दोन गनवालं. वर फलक: १२० किलोवॅट. अतिजलद.

मी लगेच त्रैराशिक मांडलं. नऊवरून ऐंशी टक्के म्हणजे एकवीस युनिट. एकवीस भागिले एकशेवीस, म्हणजे साडेदहा मिनिटं! एक चहा, एक लघुशंका, की निघालो. मोजणीला सगळ्यांच्या आधी पोचून जेवणाचं आमंत्रणही आपणच करायचं, असा बेत मनात तयार झाला.

आधी अ‍ॅप. माझ्या फोनात चार्जिंगची सात अ‍ॅपं आहेत आणि प्रत्येकाच्या वॉलेटात माझे दोन-चारशे रुपये अडकलेले आहेत. हे आठवं निघालं. ओटीपीसाठी रेंज हवी होती. रेंज रस्त्यापलीकडे, एका फणसाखाली होती. ओटीपी तिथे यायचा आणि इकडे धावत येईपर्यंत मुदत संपायची. तिसऱ्या खेपेला हॉटेलवाल्या काकींच्या नातवाने फणसाखाली उभं राहून आकडे ओरडून सांगितले.

मग गन लावली. मशीन म्हणालं, तपासणी चालू आहे. गाडी आणि मशीन आधी एकमेकांशी बोलतात: तू कोण, तुझे व्होल्ट किती, तुला हवंय किती. मग मशीन रिकाम्या केबलमध्ये दाब सोडून कुठे गळती नाही ना ते बघतं, मग आपले व्होल्ट बॅटरीच्या व्होल्टशी जुळवतं आणि मगच आतला खटका बसतो. आमचा खटका बसेना. ‘संवाद अयशस्वी’. पुन्हा काढा, पुन्हा लावा. काकी हे सगळं दारातून बघत होत्या.

"आमची म्हस पण अशीच," त्या म्हणाल्या. "अनोळखी माणूस दूध काढूक बसलो तर पान्हो सोडणा नाय. आदी जरा थोपटूक व्हया."

मी गाडी कुलूप लावून उघडली, गन जोर देऊन आत दाबली आणि वरून खरंच थोपटली. खट्! पान्हा फुटला. स्क्रीनवर आकडा चढू लागला. पाच, बारा, एकोणीस, अठ्ठावीस. आणि अठ्ठावीसवरच थांबला.

मला वाटलं दमलं असेल, पुन्हा चढेल. दहा मिनिटं झाली, अठ्ठावीसच. एसटी स्टँडवर गाडी लागली नाही की माणूस जसं भिंतीवरचं वेळापत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढतो, तसं मी मशीनच्या कुशीवरची पाटी वाचायला घेतली. २०० ते १००० व्होल्ट. एका गनला जास्तीत जास्त २०० अँपिअर. माझी बॅटरी ३३० व्होल्टची. गुणाकार केला: सहासष्ट किलोवॅट. म्हणजे गाडीने कितीही जीव टाकला तरी त्या गनमधून एकशेवीस मिळणं शक्यच नव्हतं. त्याला साडेतीनशेच्या वर अँपिअर लागले असते. फलकावरचा आकडा जास्त व्होल्टच्या थोरामोठ्यांच्या गाड्यांसाठी होता. आपण पत्रिकेवरच्या ‘सहकुटुंब’ शब्दाला भुललो.

बरं, मग सहासष्ट तरी? तेही नाही, कारण इथे देणाऱ्याचं चालत नाही, घेणाऱ्याचं चालतं. पंगतीत वाढपी हंडा घेऊन उभा असला तरी जेवणारा पानावर आडवा हात धरतो ना, तशी माझी गाडी पंचाऐंशी अँपिअरवर हात आडवा धरून बसली होती. पहाटेपासून चालून, वर चिपळूणला एकदा जलद चार्ज होऊन, मे महिन्यातल्या त्या डांबरावर तिची बॅटरी तापली होती. थोड्या वेळाने तिने हात आणखी खाली आणला. बावीस. ताप असताना पुरणपोळी नको म्हणावं तसं.

"कितको झालो?" काकींनी विचारलं.

"चाळीस टक्के."

"दोन चाय झाले तुझे. जेवूनच जा. बांगडो तळतंय."

तर मी बांगडा खात असताना शेडमध्ये दुसरी गाडी शिरली. नवी कोरी, अंगावर अजून हाराची फुलं सुकलेली. शंभर किलोवॅटच्या वर सहज घेते म्हणतात, त्या जातीची. दार उघडून उतरला तो माझा थोरला चुलतभाऊ. सातबाऱ्यावर माझ्या वर ज्याचं नाव आहे तो. आंब्याच्या सहा कलमांवरून आम्ही चार वर्षं बोलत नव्हतो.

त्याने मला पाहिलं, मशीन पाहिलं, आणि माणसांपेक्षा मशीनशी बोलणं सोयीचं म्हणून मुकाट्याने दुसरी गन लावली. त्याची गाडी एका दमात थोपटल्याशिवाय लागली. आकडा चढला: तीस, पन्नास, साठ. साठवर थांबला. तो वाट बघत उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर ते त्रैराशिक मला स्पष्ट वाचता येत होतं.

शेवटी आलाच. "हे एकशेवीसचं आहे ना?"

चार वर्षांतलं पहिलं वाक्य.

"आहे. पण दोन गन लागल्या की निम्मं-निम्मं. साठ तुझे, साठ माझे."

"तू साठ घेतोस?"

मी खोटं बोललो असतो, पण स्क्रीन उघडी होती. "बावीस."

"मग उरलेले अडतीस?"

उरलेले अडतीस कोणाचेच नव्हते. काही मशीनं हुशार असतात, एकाला लागत नाही ते दुसऱ्याकडे वळवतात. हे तसं नव्हतं. आत तीस-तीस किलोवॅटचे चार डबे, त्यातले दोन माझ्या नावावर, दोन त्याच्या. माझ्या दोनातला एक जवळजवळ नुसता बसून होता. मला तो पचत नव्हता आणि त्याला मिळत नव्हता. वरच्या आळीतल्या आमच्या त्या तुकड्यासारखं: पस्तीस वर्षं दावा चालू, तण माजलंय, दोघांपैकी कोणी नांगर घालू शकत नाही.

एवढ्यात त्याचा फोन वाजला. गावाहून होता. भूकरमापक येऊन बसलेत, नारळपाणी पिऊन झालंय, बाकीचे नऊ जण हजर आहेत आणि ज्यांच्यामुळे मोजणी लावली ते दोघेच नाहीत. चारपर्यंत आला नाहीत तर ते निघणार. पुढची तारीख पावसाळ्यानंतर.

आम्ही दोघांनी एकाच वेळी स्क्रीनकडे पाहिलं. माझे एकसष्ट टक्के. त्याचे सव्वीस.

"मला निघायचं असेल तर ऐंशी हवेत," मी म्हणालो. खरं तर गावाला पोचायला एकसष्ट पुष्कळ होते. पण परत यायचं होतं, आणि गावात आमच्या घरचा प्लग कोणाच्या मीटरवर आहे यावरही दावा आहे.

"तू गन काढलीस तर मला सगळे एकशेवीस मिळतील," तो म्हणाला. "दहा मिनिटांत होईल माझं. मग दोघं माझ्या गाडीतून जाऊ. तुझी इथे लागू दे नंतर निवांत."

प्रस्ताव वाजवी होता. आमच्या घराण्यात आजवर आलेल्यांतला बहुधा सर्वात वाजवी. म्हणूनच मला त्यात काहीतरी डाव दिसू लागला. आधी आपण सोडायचं, मग तो देणार. एकदा गन काढली आणि पुन्हा लावताना परत तो ओटीपी, तो फणस, ते थोपटणं. आणि त्याच्या गाडीतून उतरताना गावात बघणारे काय म्हणतील?

"ऐंशी टक्के झाले की लगेच काढतो, दादा."

काकींनी त्याच्यापुढे पान मांडलं होतं. त्याने बांगड्याचा काटा सावकाश बाजूला काढून ठेवला.

"काका पण असंच म्हणायचे," तो म्हणाला. "आंबे उतरले की लगेच कुंपण काढतो."