‘फक्त २५ टक्के’ नावाची थाप

भाचीच्या कॉलेजात वक्तृत्व स्पर्धा आहे, विषय ‘लोकशाहीपुढील आव्हाने’. परवा दादरला बहिणीकडे गेलो तर ती मोबाइलवर बघून तालीम करत होती. वाचत काय होती? गेले कित्येक आठवडे सोसायटीच्या, शाळासोबत्यांच्या आणि रोज सकाळी सूर्यफुलं पाठवणाऱ्यांच्या ग्रुपवर फिरणारा तो फॉरवर्ड. वर भावोजी कौतुकाने म्हणाले, ‘‘बघ रे, मुद्दे कसले भारी आहेत.’’

ते ‘भारी मुद्दे’ असे. कच्च्या लोकशाहीत पुढारी नुसते भांडतात, म्हणून सत्तेत लष्कराला कायमचा वाटा द्यावा. म्यानमारने तो ‘फक्त २५ टक्के’ दिला होता, बाकी ७५ टक्के सत्ता लोकांचीच होती. २०२१ मध्ये तिथल्या लष्कराने सत्ता ताब्यात घेतली, तीही घटनेला धरूनच. सुदानमध्ये वाटणी नीट चालली होती, नागरी पुढाऱ्यांनी घोळ घातला. पाकिस्तान लष्करामुळे एकसंध राहिला. जनरल पैसे खात नाहीत. चिली आणि इंडोनेशिया याच वाटेने लोकशाहीकडे गेले. आणि शेवटी मुंबईकरांसाठी खास फोडणी: परळचा पूल लष्कराने बांधला, मग महापालिकाही त्यांच्याकडेच द्या.

सगळ्यात जास्त टाळ्या घेणारा मुद्दा २५ टक्क्यांचा, म्हणून तोच आधी घेतो. त्यासाठी कुणा तज्ज्ञाकडे जायची गरज नाही. म्यानमारची २००८ ची राज्यघटना इंटरनेटवर पडून आहे, मूळ दस्तऐवजच वाचावा. संयुक्त संसदेत एकूण जागा ६६४. त्यातल्या १६६ सरसेनापतीने नेमलेल्या गणवेशधाऱ्यांच्या. निवडून आलेले ४९८. आता कलम ४३६ बघा. घटना बदलायची तर ७५ टक्क्यांहून ‘अधिक’ मतं हवीत. ६६४ चे ७५ टक्के किती? बरोबर ४९८. म्हणजे देशातल्या सगळ्या पक्षांचा झाडून प्रत्येक निवडलेला सदस्य एका बाजूला उभा राहिला तरी एक मत कमीच पडणार, आणि ते मत गणवेशातल्या माणसाचं. हा आकडा ज्याने बसवला त्याला गणित उत्तम येत होतं. तो फॉरवर्ड लिहिणाऱ्याला येत नाही.

एवढ्यावर संपत नाही. राष्ट्राध्यक्ष संसद निवडते, बहुमताचा आकडा ३३३. लष्कराच्या मर्जीतल्या माणसाला १६६ मतं आधीच खिशात, म्हणजे निवडलेल्यांपैकी १६७ पुरली. लोकांच्या पक्षाला मात्र ४९८ पैकी ३३३ स्वतः जिंकून आणायच्या. एकाला एकतृतीयांश, दुसऱ्याला दोनतृतीयांश. शिवाय एक उपराष्ट्राध्यक्ष नेहमीच लष्करी सदस्यांनी सुचवलेला. संरक्षण, गृह आणि सीमा ही तिन्ही खाती सरसेनापती नावं देईल त्यांच्याकडे. पोलीस गृहखात्याखाली, म्हणजे तेही त्यांचेच. लष्कराचा कारभार लष्करच बघणार, त्यात सरकारने नाक खुपसायचं नाही, हेही घटनेतच लिहिलंय.

भावोजींना मी त्यांच्याच भाषेत सांगितलं. समजा बिल्डरने १०० फ्लॅटची सोसायटी बांधली, २५ फ्लॅट स्वतःकडे ठेवले, वॉचमन, पंपरूम आणि गेटची किल्ली स्वतःकडे ठेवली, नियम बदलायला ७६ मतं लागतील असं लिहून घेतलं आणि कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर करणं, काही केलं नाही. तुम्ही अध्यक्ष म्हणून निवडून आलात. अभिनंदन. आता पाणी किती वाजता सोडायचं ते ठरवून दाखवा.

ही घटना लोकांनी मंजूर केली होती, असंही त्या फॉरवर्डमध्ये आहे. केली ना. मे २००८ च्या सुरुवातीला नर्गिस चक्रीवादळाने इरावती नदीच्या मुखाकडचा प्रदेश धुऊन नेला, लाखाहून अधिक माणसं गेली, आणि त्यानंतर आठवडाभरातच, १० मे ला, देशाच्या बहुतेक भागात सार्वमत उरकण्यात आलं. वादळग्रस्त भागांना फक्त दोन आठवड्यांची सवलत. सरकारी निकाल: ९२ टक्क्यांहून जास्त ‘होय’. प्रेतं पाण्यात असताना घेतलेल्या या मताला कुणी जनादेश म्हणत असेल तर त्याच्याशी काय बोलायचं?

नागरी पक्षाने वाटा कमी करायचा प्रयत्न केला नाही असंही नाही. मार्च २०२० मध्ये तेव्हा सत्तेत असलेल्या आँग सान सू ची यांच्या पक्षाने संसदेत दुरुस्ती आणली. लष्कराच्या जागा एकदम नाही, टप्प्याटप्प्याने घटवायच्या. निवडलेल्यांचं बहुमत मिळालं, पण लष्करी बाकांनी दुरुस्ती पाडली. त्याआधी, जानेवारी २०१७ मध्ये, याच घटनेतून वाट काढून सू ची यांच्यासाठी ‘स्टेट कौन्सेलर’ हे पंतप्रधानासारखं पद घडवणारे वकील को नी यांना यांगून विमानतळाबाहेर गोळी घालून मारलं होतं. हातात नातू होता त्यांच्या.

सू ची काही धुतल्या तांदळासारख्या नव्हत्या, हे मान्य. २०१७ मध्ये लष्कराच्या अत्याचारांमुळे सात लाखांवर रोहिंग्या बांगलादेशात पळाले आणि डिसेंबर २०१९ मध्ये या बाई स्वतः हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात आपल्या देशाची, म्हणजे पर्यायाने त्याच लष्कराची, बाजू मांडायला उभ्या राहिल्या. जगभरात होती नव्हती ती अब्रू घालवली. पुढे सव्वा वर्षाच्या आत त्याच लष्कराने त्यांना अटक केली, आणि पहिला गुन्हा लावला तो बेकायदा आयात केलेल्या वॉकीटॉकींचा. वाटणीत नागरी पक्षाच्या वाट्याला काय आलं? लष्कराच्या कृत्यांची बदनामी.

आता ‘घटनेला धरूनच’ हा मुद्दा. नोव्हेंबर २०२० च्या निवडणुकीत मतदान झालेल्या ४७६ पैकी ३९६ जागा सू चींच्या पक्षाला, ३३ लष्कराच्या लाडक्या पक्षाला. लष्कर म्हणालं घोटाळा झाला. निवडणूक आयोगाने आणि निरीक्षकांनीही निकाल फिरेल असं काही आढळलं नाही म्हणून सांगितलं. १ फेब्रुवारी २०२१, नवी संसद भरायची त्याच दिवशी पहाटे अटकसत्र. आणीबाणी जाहीर करायचा अधिकार राष्ट्राध्यक्षाचा, मग राष्ट्राध्यक्ष विन मिंट यांनाच धरलं. प्रकृतीचं कारण देऊन राजीनामा द्या म्हणून दबाव आणला होता, असं विन मिंट यांनी नंतर कोर्टात सांगितलं. राष्ट्राध्यक्ष कोठडीत, म्हणून लष्कराच्या कोट्यातला उपराष्ट्राध्यक्ष हंगामी राष्ट्राध्यक्ष झाला. त्याने सही केली आणि सत्ता सरसेनापतीला दिली. त्याच घटनेत आणीबाणी एक वर्षाची आणि साधारणपणे सहा-सहा महिन्यांच्या दोन मुदतवाढी, असं लिहिलंय. म्हणजे दोन वर्षं. ती चालली जुलै २०२५ पर्यंत. स्वतः लिहिलेली, स्वतःच्या सोयीची घटनासुद्धा यांना पाळता आली नाही. आणि सरसेनापती मिन आँग हलाईंग जुलै २०२१ मध्ये ६५ वर्षांचे होऊन निवृत्त होणार होते, हे फॉरवर्डमध्ये कुठेच नाही. योगायोग असेल!

सुदान. इथे तर फॉरवर्डने उलटी गंगाच वाहवलीय. ऑगस्ट २०१९ च्या करारात अकरा जणांचं सार्वभौम मंडळ ठरलं: पाच लष्करी, पाच नागरी, एक दोघांच्या संमतीचा. अध्यक्षपद आधी २१ महिने लष्कराकडे, मग १८ महिने नागरी नेत्याकडे. पहिली पाळी कुणाची, बघा. लष्करप्रमुख जनरल बुऱ्हान बसले. पुढच्या वर्षी बंडखोर गटांशी जुबा करार झाला तेव्हा घड्याळ पुन्हा शून्यावर आणलं. तरीही खुर्ची सोडायची वेळ जवळ आलीच, तर २५ ऑक्टोबर २०२१ ला बुऱ्हान यांनी पंतप्रधान हमदोक यांनाच ताब्यात घेतलं. हमदोक यांचा गुन्हा? सरकारी पैशाचा मोठा हिस्सा अर्थखात्याच्या हाताबाहेर, लष्कराच्या कंपन्यांत फिरतो, असं ते उघड बोलत होते. घोळ नागरी पुढाऱ्यांनी घातला म्हणे. आणि मंडळाचे उपाध्यक्ष हेमेदती स्वतःची वेगळी सशस्त्र फौज बाळगून होते. एप्रिल २०२३ मध्ये या दोघांचं आपसात फाटलं, कोटीच्या वर माणसं घरादारातून उठली. तेव्हा ‘ऑपरेशन कावेरी’त सुटका झालेल्या भारतीयांचं एक विमान आपल्या मुंबईतच उतरलं होतं, २४६ माणसं घेऊन. सत्तावाटपाने आलेलं स्थैर्य कसं असतं ते त्यांच्यापैकी कुणालाही विचारावं.

पाकिस्तान ‘लष्करामुळे एकसंध’ हे वाक्य लिहिणाऱ्याने १९७१ हे साल ऐकलेलं नसावं. डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत पूर्व पाकिस्तानातल्या अवामी लीगला बहुमत मिळालं, जनरल याह्या खानांनी संसद भरू दिली नाही, देशाचे दोन तुकडे झाले. पुढे जनरल झियांनी घटनेत राष्ट्राध्यक्षाला संसद बरखास्त करू देणारं कलम ५८(२)(ब) घुसवलं आणि १९८८ ते १९९६ मध्ये चार सरकारं त्याच कलमाखाली घरी गेली. आजवर एकाही पंतप्रधानाला पाच वर्षं पुरी करता आलेली नाहीत. हे स्थैर्य असेल तर अस्थैर्य कशाला म्हणायचं?

जनरल पैसे खात नाहीत, यावर वेळ घालवत नाही. म्यानमारच्या लष्कराच्या उद्योगसमूहांवर संयुक्त राष्ट्रांच्या तथ्यशोधन पथकाने २०१९ मध्ये अख्खा अहवाल काढलाय. रत्नांपासून बीअरपर्यंत सगळं आहे त्यात.

परळच्या पुलाचं खरं आहे, आणि ते नाकारायचं कारण नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये परळला लागून असलेल्या एल्फिन्स्टन रोड स्थानकावरच्या चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली, लष्कराने तिथे पूल उभारला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये तो खुला झाला. काम झटपट झालं. पण निवडलेल्या सरकारने सांगितलं म्हणून सैनिक आले, पूल बांधून रेल्वेच्या ताब्यात दिला आणि परत गेले. वाटा मागितला नाही. हे उदाहरण त्या फॉरवर्डच्या बाजूचं आहे की विरोधातलं? शिवाय पूल रेल्वेचा, महापालिकेचा त्याच्याशी संबंधच नव्हता. आणि निवडून न आलेल्यांच्या हातात महापालिका दिली की काय होतं याची चव मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं घेतलीच की आपण. नगरसेवक नाही, तक्रार घेऊन जायचं कुणाकडे, हे वॉर्ड ऑफिसच्या खिडकीशी उभं राहिलेल्याला विचारा.

राहिले चिली आणि इंडोनेशिया. इथे फॉरवर्डमध्ये थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. चिलीत लष्करी हुकूमशहा पिनोशे ऑक्टोबर १९८८ चं सार्वमत हरले, मार्च १९९० मध्ये नागरी सरकार आलं, पण स्वतः ते १९९८ पर्यंत सैन्यप्रमुख राहिले आणि नेमलेले सिनेटर २००५ च्या घटनादुरुस्तीपर्यंत टिकले. इंडोनेशियात जनरल सुहार्तो यांच्या राजवटीच्या काळात ५०० च्या संसदेत लष्कराच्या १०० जागा होत्या, त्या घटत १९९९ मध्ये ३८ वर आल्या आणि २००४ मध्ये शून्य झाल्या. रक्तपात टाळायला काही काळ लष्कराशी तडजोड करावी लागते, हे या दोन देशांतून दिसतं. पण दोन्हीकडे वाटा कमी होत गेला, आणि तो कमी करायचा अधिकार संसदेकडे होता. भाचीला म्हटलं, ठेवायचा तर एवढाच मुद्दा ठेव, पण ‘कायमचा वाटा’ हे शब्द खोडून. आणि इंडोनेशियाचं नाव घेणार असशील तर मार्च २०२५ ची बातमीही वाच. तिथल्या संसदेने लष्कराचा कायदा बदलून, सेवेतल्या अधिकाऱ्यांना बसता येईल अशा नागरी खात्यांची यादी पुन्हा वाढवली, आणि विद्यार्थी रस्त्यावर उतरले. परीक्षकांनी विचारलं तर माहीत असलेलं बरं.