भाग काही जाईना

भागाकाराशी माझं शाळेपासून वाकडं. गुणाकार पाढ्यांवर निभतो, बेरीज बोटांवर. भागाकारात मात्र आधी अंदाज बांधावा लागतो, आणि माझा अंदाज आजवर कशातच बरोबर आलेला नाही. २८ ने ९५ ला किती वेळा भाग जातो? मी छातीठोकपणे ४ लिहायचो, खाली ११२ यायचे, मग खोडरबर. कागदाला भोक पडलं की गणित संपलं, असा माझा हिशेब.

म्हणून विजेवर चालणारं एक जुनं यांत्रिक गणनयंत्र घरी आणलं, तेव्हा मला एकच बघायचं होतं: हे धूड अंदाज कसा बांधतं? आत मेंदू नाही, नुसती दातेरी चाकं.

बांधतच नाही! कॅरेजमधल्या, म्हणजे वरच्या सरकत्या भागातल्या चाकांवर भाज्य ९५२ बसवला, कळांवर भाजक २८ दाबला आणि भागाकाराची कळ खाली केली. कॅरेज आधीच उजवीकडे सरकलेली असल्याने २८ बरोबर ९५ च्या खाली आले. मग खडखडाट. ९५ चे ६७, ६७ चे ३९, ३९ चे ११. तीन फेऱ्या झाल्या. इथे कुठल्याही शहाण्या माणसाने थांबावं. यंत्राने ११ तूनही २८ काढले.

मी जागच्या जागी सुखावलो. माझीच चूक, तीही पोलादात!

उणे आकडा दाखवायची सोय नसल्याने चाकांवर ९९९९९८३२ असं काहीतरी भयानक आलं. या प्रकाराला ओव्हरड्राफ्टच म्हणतात, आणि खात्यात नाही ते काढलं की जे होतं तेच इथेही होतं, म्हणजे घंटा वाजते. निदान हाताने दांडा फिरवायच्या यंत्रांत तरी ती खरोखर वाजायची. मग माणूस जीभ चावून दांडा एकदा उलट फिरवायचा. माझ्या यंत्रात हे आपोआप. वजाबाकीत शेजारच्या चाकाकडे मागितलेली, डावीकडे धावत गेलेली उसनवारी शेवटच्या चाकापलीकडे पोचली की एक खटका पडतो, वजाबाकीची बेरीज होते, २८ परत दिले जातात, मोजणीचे ४ पुन्हा ३ होतात आणि कॅरेज एक घर डावीकडे सरकते. आता ११२. चार वेळा काढले, शून्य उरलं. तरी पाचव्यांदा काढलेच! पुन्हा खटका, पुन्हा परतफेड. उत्तर ३४. यासाठी ११ फेऱ्या आणि दोन जाहीर माफ्या.

जर्मन गणिती लायब्निझने १६७३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला आपलं यंत्र दाखवलं. त्यातही भागाकार म्हणजे वजाबाक्याच, फक्त कुठे थांबायचं हे माणसाने बघायचं. ती जबाबदारी यंत्राच्या गळ्यात पडायला विसावं शतक उजाडलं. १९१३ च्या सुमाराच्या ‘मादास’ या यंत्राच्या नावातच ‘आपोआप भागाकार’ होता. मर्चंट कंपनीची काही यंत्रं तर आधी तुलना करून बघत आणि जास्तीचं काढतच नसत. असले लोक मला वर्गातही आवडायचे नाहीत.

तर मी हे मुलीला दाखवायला बसलो. भाज्य बसवला, ऐटीत कळ दाबली. भाजक दाबायचा राहिला.

यंत्र शून्य वजा करू लागलं. शून्य काढून काहीच कमी होत नाही, म्हणून ओव्हरड्राफ्ट नाही, म्हणून खटका नाही, म्हणून थांबणं नाही. मोजणीचं चाक गरगर फिरत होतं, भाज्य ढिम्म. टेबल थरथरून कडेकडे चालू लागलं. थांबवायची कळ अशा वेळेसाठीच दिलेली असते, पण कळा इतक्या की मी त्यांतल्या चार चुकीच्या दाबल्या.

“बाबा, उत्तर किती आलं?”

“येतंय.”

बायको दारात येऊन उभी राहिली. काही बोलली नाही, हे जास्त वाईट. शेवटी मी प्लग उपटला. शांतता पसरली. यंत्र अर्ध्या फेरीत अडकलं होतं, एकही कळ वर येईना. आता ते निवळलं असेल अशा समजुतीने मी दहा मिनिटांनी प्लग परत लावला.

जिथे सोडलं होतं तिथूनच त्याने पुन्हा शून्य काढायला सुरुवात केली.