परदेशातून : ब्राझील कोणत्या खंडात आहे?

गेल्या महिन्यात सांगलीहून माझ्या भाचीचा फोन आला. ती यंदा दहावीला आहे. राज्य मंडळाचे दहावीचे भूगोलाचे पुस्तक २०१८ पासून भारत आणि ब्राझील या दोन देशांच्या तुलनेवर बेतलेले आहे, ही गोष्ट महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या पुष्कळांना ठाऊक नसते. मलाही ती भाचीकडूनच कळली. साओ पाउलोत राहणारा मामा त्यामुळे एकाएकी अभ्यासाच्या उपयोगाचा ठरला. पुस्तकात ज्याला अजस्र कडा म्हटले आहे तो प्रत्यक्षात कसा दिसतो, असे तिने विचारले. आमचे शहर त्या कड्याच्या माथ्यावरच वसलेले आहे आणि सांतोसच्या समुद्राकडे उतरताना खंडाळ्याच्या घाटाची हटकून आठवण येते, तसेच धुके आणि तशीच हिरवी भिंत, असे मी तिला सांगत होतो. तेवढ्यात तिने वहीतले एक वाक्य वाचून दाखवले : ब्राझील हा दक्षिण अमेरिका खंडातील सर्वांत मोठा देश आहे. समोर जेवायला बसलेला माझा मुलगा, जो इथल्या शाळेत आठवीत आहे, घास थांबवून म्हणाला, "पण दक्षिण अमेरिका हा खंड नाहीच. खंड अमेरिका. एकच."

पुढची दहा मिनिटे ती दोघे फोनवरून भांडली. ती म्हणे जगात खंड सात, तो म्हणे सहा, आणि दोघांपाशीही सरकारमान्य पुस्तक होते.

भांडण तिथे संपले असते तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण भाचीने तो किस्सा घरच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला आणि मग आमच्याकडच्या प्रत्येक वादाचे होते तेच झाले. निवृत्त मुख्याध्यापक असलेल्या काकांनी लिहिले की ज्या देशात मुलांना साधे सात खंड शिकवत नाहीत, तिथे मुलाला फार काळ ठेवू नये. पुण्यातल्या माझ्या चुलतभावाने लगेच उलट टोक गाठले : आपल्याकडे नुसती घोकंपट्टी, तिकडे मुलांना विचार करायला शिकवतात, म्हणून तो स्वतःचे मत मांडू शकला. मुलगा स्वतःचे मत मांडत नव्हता, तोही पाठ केलेलेच सांगत होता, हे मी लिहिले; त्यावर कोणी काही बोलले नाही. घरच्या वादांमध्ये परदेश नेहमी असाच येतो, कधी कित्ता गिरवायला तर कधी धडा घ्यायला, आणि तिथे राहणाऱ्याची साक्ष दोन्ही पक्षांना गैरसोयीची असते.

ब्राझीलमध्ये अमेरिका हा एकच खंड मानतात आणि उत्तर, मध्य व दक्षिण हे त्याचे भाग समजतात. स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत साधारण हीच रीत आहे. भारतात आपण इंग्रजी परंपरेतून आलेले सात खंड शिकतो, जे ब्रिटन, अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि ऑस्ट्रेलियातही शिकवले जातात. रशियाची तऱ्हा सर्वांत निराळी आहे आणि मला ती सर्वांत प्रामाणिक वाटते. तिथे या गोष्टीसाठी दोन वेगवेगळे शब्द आहेत. एका शब्दाने पाण्याने वेढलेला सलग भूभाग समजला जातो, आणि त्या हिशेबाने युरोप व आशिया मिळून युरेशिया हा एकच खंड होतो, तर अमेरिका दोन होतात. दुसऱ्या शब्दाचा अर्थ 'जगाचा भाग' असा आहे. तो इतिहासाने पाडलेला विभाग असल्यामुळे त्यात युरोप आणि आशिया वेगळे राहतात आणि अमेरिका मात्र एक होते. निसर्ग आणि रूढी यांची सरमिसळ होऊ नये म्हणून भाषेनेच दोन खण करून ठेवले आहेत. आपल्याकडे 'खंड' या एकाच शब्दाला दोन्ही कामे करावी लागतात. त्यातच 'नवखंड पृथ्वी' आणि 'भरतखंड' हे जुने अर्थही त्याला चिकटलेले आहेत, आणि 'भूखंड' म्हटले की मराठी माणसाला सातबारा आठवतो, तो भाग वेगळा.

खंड म्हणजे पाण्याने वेढलेला मोठा भूभाग अशी व्याख्या आपण शाळेत लिहिली. त्या व्याख्येत युरोप बसत नाही, हे कोणी विचारले नाही. आशिया आणि आफ्रिकाही १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला होईपर्यंत एकमेकांना जमिनीने जोडलेले होते, आणि माणसाने खणलेल्या कालव्याने खंड वेगळे होत असतील तर १९१४ मध्ये पनामाच्या कालव्याने अमेरिकेचेही दोन तुकडे झाले असे म्हणावे लागेल. सुमारे २१ लाख ६६ हजार चौरस किलोमीटरचे ग्रीनलँड हे बेट आणि सुमारे ७७ लाखांचा ऑस्ट्रेलिया हा खंड, यांच्यामधली रेषा नेमक्या कोणत्या आकड्यावर ओढली, त्याचाही नियम कुठे नाही. पृथ्वीचे कवच ज्या सरकत्या तुकड्यांचे बनले आहे त्या भूपट्टांचा निकष लावावा तर युरोप आणि आशिया पुन्हा एकाच पट्टावर सापडतात, भारत आणि अरबस्तान यांचे मात्र स्वतंत्र पट्ट आहेत. म्हणजे या निकषाने आपल्या उपखंडाला बढती मिळते आणि युरोपची जागा जाते. काकांना हा निकष आवडला, हे नमूद केले पाहिजे.

ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने अडीच हजार वर्षांपूर्वी हाच प्रश्न विचारला होता. पृथ्वी एक असताना तिला युरोप, आशिया आणि लिबिया (म्हणजे आजचा आफ्रिका) अशी तीन नावे, तीही स्त्रियांची, का दिली आणि त्यांच्या सीमा कोणी आखल्या, हे आपल्याला समजत नाही, असे तो लिहितो. आणि तरीही रूढ आहेत म्हणून आपण तीच नावे वापरू, असेही लगेच सांगतो. ग्रीकांच्या काळी युरोप आणि आशिया यांची सीमा म्हणून डॉन नदीचे नाव घेतले जाई. ती उरल पर्वतावर गेली अठराव्या शतकात, तातिश्चेव हा रशियन आणि स्ट्रालेनबर्ग हा स्वीडिश भूगोलकार यांच्या लिखाणातून, म्हणजे रशिया स्वतःला युरोपीय राष्ट्र म्हणून उभे करत होता त्या काळात. पर्वत होता तिथेच होता. त्याला सीमेचे काम मिळाले.

या सीमेचा मराठी वृत्तपत्रांशीही संबंध आहे. महाराष्ट्रातील गिर्यारोहकांनी युरोपातील सर्वोच्च शिखर एल्ब्रुस सर केल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. एल्ब्रुस ५,६४२ मीटर उंच आहे आणि कॉकेशस पर्वताच्या मुख्य धारेच्या किंचित उत्तरेस आहे. सीमा त्या धारेवरून धरली तर ते शिखर युरोपात येते, आणि कॉकेशसच्या उत्तरेकडील कुमा-मानिच या सखल पट्ट्यातून धरली तर ते आशियात जाते व युरोपाचा मान सुमारे ४,८०० मीटरच्या मों ब्लांकडे येतो. सात खंडांची सात शिखरे चढणाऱ्यांमध्ये असाच दुसरा घोळ ऑस्ट्रेलियाचा आहे. काही जण २,२२८ मीटरचे कॉशियुस्को चढतात आणि काही जण न्यू गिनी बेटावरचे, ४,८८४ मीटरचे कार्स्टेन्झ पिरॅमिड, कारण त्यांच्या हिशेबात खंड ऑस्ट्रेलिया नसून ओशनिया, म्हणजे ऑस्ट्रेलियासह पॅसिफिकमधली बेटे, हा आहे. खंडाच्या व्याख्येसाठी जीव धोक्यात घालणारी माणसे मला या एका क्षेत्रातच आढळली.

ब्राझीलच्या बाजूने विचार केला तर एकच अमेरिका मानण्यामागे स्वाभिमानाचाही भाग आहे. १५०७ मध्ये वाल्डझेम्युलर या जर्मन नकाशाकाराने आपल्या नकाशावर 'अमेरिका' हे नाव प्रथम छापले ते दक्षिणेकडच्या भूमीवर, आजच्या ब्राझीलच्या परिसरात. १५३८ मध्ये मर्केटरने ते उत्तरेलाही लावले. आज मात्र ते नाव उत्तरेकडच्या एका देशाने जवळजवळ एकट्यासाठी ठेवून घेतले आहे, आणि त्या देशाच्या रहिवाशाला 'अमेरिकन' न म्हणता 'संयुक्त संस्थानवासी' अशा अर्थाचा शब्द वापरण्याचा आग्रह धरणारे लोक इथे आहेत. मराठीत आपण तो प्रश्न केव्हाच सोडवून टाकला : मुलगा अमेरिकेत आहे म्हटले की न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्निया. मी ब्राझीलला आलो तेव्हा आईने शेजाऱ्यांना 'अमेरिकेला गेला, पण खालच्या' असे सांगितले होते. माझ्या मते ती कोणत्याच पाठ्यपुस्तकापेक्षा चुकीची नव्हती.

तरीही मुलाच्या शाळेची बाजू मी घेणार नाही. तिथेही 'सहा' हे निसर्गनियमासारखेच सांगितले होते. राष्ट्रीय अभ्यासक्रमानुसार आठवीत अमेरिका व आफ्रिका, आणि नववीत युरोप, आशिया व ओशनिया अशी विभागणी आहे, त्यामुळे भारत त्याच्या वाट्याला येईल तो पुढच्या वर्षी आणि आशियाच्या गर्दीत. माझी भाची ब्राझीलचे हवामान, वस्ती, शेती आणि वाहतूक यांविषयी जे जाणते त्याच्या दशांशही त्याच्या वर्गातील मुले भारताविषयी जाणत नाहीत. एक दूरचा देश घेऊन तो वर्षभर आपल्या देशाशेजारी ठेवून पाहणे ही कल्पना ज्या कोणाला सुचली, तिचे कौतुक महाराष्ट्रात फारसे झालेले नाही. गटावर ते पुस्तक 'ब्राझीलचे आपल्याला काय करायचे' म्हणून हिणवले गेले, आणि मला वाटते तिथे घरचे लोक चुकले.

ब्राझीलच्या भूगोल आणि सांख्यिकी संस्थेने २०२४ मध्ये ब्राझील मध्यभागी असलेला आणि २०२५ मध्ये दक्षिण वर असलेला जगाचा नकाशा प्रसिद्ध केला. त्याची थट्टाही झाली आणि कौतुकही. उत्तर वर असणे ही रूढी आहे, हे दाखवायला तो नकाशा वर्गात उत्तम. पण एक रूढी काढून तिच्या जागी राष्ट्राभिमान बसवला तर शिकवायचे ते राहून जाते.

खंडांची संख्या बाजूला ठेवली तर शिकवण्याजोगे किती उरते, ते मला इथल्या मातीने शिकवले. या भागात पसरलेली तांबडी-जांभळट जमीन, जिच्यावर कॉफीचे मळे वाढले, बेसाल्ट खडकापासून झाली आहे. तो लाव्हा सुमारे तेरा कोटी वर्षांपूर्वी, दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका एकमेकांपासून फाटत असताना बाहेर पडला. आपली कपाशीची काळी जमीनही बेसाल्टचीच, फक्त दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याहून जुनी ओळख कोळशाची आहे. चंद्रपूरच्या कोळशाच्या थरांत ग्लॉसॉप्टेरिस नावाच्या वनस्पतीच्या पानांचे जीवाश्म सापडतात आणि दक्षिण ब्राझीलच्या कोळशाच्या थरांतही तेच सापडतात, कारण तेव्हा ही भूमी एकच होती. त्या महाखंडाला शास्त्रज्ञ गोंडवन म्हणतात, आणि ते नाव मध्य भारतातील गोंडांच्या मुलखावरून दिलेले आहे. जगात कुठल्याही भाषेत त्या खंडाविषयी बोलायचे तर गोंडांचे नाव घ्यावे लागते, ही गोष्ट मी भाचीला सांगितली तेव्हा ती म्हणाली की हे पुस्तकात असते तर सात की सहा यावर भांडायला वेळच उरला नसता.

वेळ मात्र दोन्हीकडे कमीच आहे. महाराष्ट्रात दहावीला इतिहास-राज्यशास्त्र चाळीस गुणांचे आणि भूगोल चाळीस गुणांचा, आणि २०२० मध्ये टाळेबंदीमुळे जो एक पेपर रद्द झाला तोही भूगोलाचा. इतर विषयांच्या सरासरीवरून गुण दिले गेले. ब्राझीलमध्ये २०१७ च्या कायद्याने माध्यमिक शाळेच्या तिन्ही वर्षांत सक्तीचे विषय म्हणून पोर्तुगीज आणि गणित हे दोनच ठेवले होते व भूगोल समाजविज्ञानांच्या गठ्ठ्यात गेला; २०२४ मध्ये दुरुस्ती होऊन सामाईक अभ्यासाचे तास वाढवण्यात आले. तास कमी झाले की पुस्तकातला कारणांचा भाग आधी गळतो आणि आकडा शिल्लक राहतो, कारण आकडा तपासायला सोपा असतो.

काकांचा शेवटचा आक्षेप रास्त होता, आणि चाळीस वर्षे पेपर तपासलेल्या माणसाचा होता. खंड किती यावर पाच उत्तरे बरोबर म्हटली तर लाखो उत्तरपत्रिका तपासायच्या कशा, असे त्यांनी विचारले. मी त्यांना एवढेच सुचवले की सात ही संख्या पुस्तकात खुशाल ठेवावी, फक्त तिच्याशेजारी 'आपण असे मानतो' हे तीन शब्द घालावेत आणि इतर देश काय मानतात ते दोन ओळींत सांगावे, म्हणजे हेरोडोटसने केले तेवढेच करावे. प्रश्नही असा काढता येतो की त्याचे उत्तर एकच असेल : एल्ब्रुस हे युरोपातील सर्वोच्च शिखर मानायचे असेल, तर युरोप आणि आशिया यांची सीमा कोठून धरावी लागेल?

काकांनी गटावर पसंतीच्या अंगठ्याचे चिन्ह टाकले. भाचीने विचारले, "मामा, हा किती गुणांना येईल?"