‘इतर अधिकार’ वाचायचे नसतात

खान्देशातल्या जुन्या मिलच्या गावात घर घ्यायचं ठरवलं असेल, तर आधी डोळे झाकण्याचा सराव करा. उघड्या डोळ्यांनी हिंडणाऱ्याला इथे घर मिळत नाही, नुसती माहिती मिळते. आणि माहितीत काही राहता येत नाही.

धुळ्याची न्यू प्रताप, अमळनेरची प्रताप, चाळीसगावची लक्ष्मीनारायण, जळगावची खान्देश मिल. जुने भोंगे गेले, पण भाव अजून त्यांच्याच नावाने चढतो. जाहिरातीत ‘मिल कंपाउंडला लागून’ एवढं दिसलं की चार पैसे जास्त द्यायला मागेपुढे पाहू नका. जळगावात स्टेशनजवळ मिलच्या जागी मॉल झाला, म्हणजे तुमच्या प्लॉटसमोर तो होणारच. अमळनेरला असाल तर दलाल हुकमाचा पत्ता काढेल: 1945 साली याच गावात वनस्पती तुपासाठी निघालेली कंपनी पुढे विप्रो झाली आणि ज्यांनी शेअर सांभाळले ते कोट्यधीश झाले, मग हा प्लॉट का सोडता? त्याचं ऐका. शेअर आणि प्लॉट यांत फरक एवढाच, की शेअरला चुलत भाऊ नसतात.

प्लॉटला असतात. सातबारा हातात घेतलाच, तर वरचं मालकाचं नाव वाचा आणि घडी घाला. बाजूच्या ‘इतर अधिकार’ या रकान्यात डोकावू नका. तिथे विकास सोसायटीचा बोजा, बँकेचं तारण, कुळाचं नाव, एखाद्या दाव्याची नोंद असल्या नतद्रष्ट गोष्टी लिहिलेल्या असतात. ‘भोगवटादार वर्ग 2’ असं दिसलं तर ते इयत्तेसारखं काहीतरी असेल असं समजून पुढे चला. अशी जमीन विकायला बहुधा जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पण जिल्हाधिकारी किती कामात असतात, त्यांना कशाला त्रास? शहरात सिटी सर्व्हे लागला असेल तर सातबाऱ्याऐवजी मालमत्ता पत्रक असतं. त्यावरही भार आणि शेरे असतात, तेही तसेच सोडायचे. डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत घरबसल्या निघतो. हे 15 रुपये वाचवा. तीस-पस्तीस लाखांच्या व्यवहारात काटकसर कुठेतरी करायलाच हवी.

वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च घेणारे महाभाग असतात. तो दुय्यम निबंधकाकडच्या सूची क्रमांक 2 चाळतो आणि सांगतो की हीच बखळ याआधी आणखी एकाला साठेखताने दिलेली आहे. असा वकील चांगला मूड घालवतो. त्यापेक्षा दलालाच्या शब्दावर जा: “भाऊ, काही चिंता करू नका, मी शे ना!” तो असतोच. इसाराची पावती होईपर्यंत हमखास असतो.

खुद्द मिलच्या जागेवरचं, किंवा तिच्या चाळीतलं काही मिळत असेल, तर तुमच्यासारखं भाग्य नाही. 1974 च्या कायद्याने आजारी मिलचं राष्ट्रीयीकरण झालं. त्या यादीत धुळ्याची न्यू प्रताप होती आणि चाळीसगावची लक्ष्मीनारायणही. मालकी केंद्राकडे आणि तिथून राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली. खासगी राहिलेली मिल बुडाली तर तिची मालमत्ता विकून देणी भागवायला परिसमापक येतो, आणि कामगारांची देणी तारण घेतलेल्या बँकेच्या बरोबरीने रांगेत उभी राहतात. अशा ठिकाणी ‘विकणारा कोण आणि त्याला विकायचा अधिकार कुणी दिला’ हा प्रश्न विचारणं असभ्यपणाचं आहे. चाळीतली खोली तर पाचशेच्या स्टॅम्पवर, नोटरीच्या शिक्क्याने मिळते. शिक्का गोल असतो, लाल असतो, आणखी काय हवं? नोंदणी न झालेल्या कागदाने स्थावराची मालकी सरकत नाही, हे 1908 च्या नोंदणी कायद्यात आहे. मुखत्यारपत्रावरची खरेदी ही खरेदीच नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये बजावलं. पण दिल्ली लांब आहे आणि नोटरी कोर्टाच्या दारातच झाडाखाली बसलेला आहे.

नगररचना विभागातून झोन दाखला काढू नका. विकास आराखड्यात मिलच्या जमिनी औद्योगिक पट्ट्यात दाखवलेल्या असू शकतात. वापर बदलल्याचा आदेश हातात नसताना तिथे फ्लॅट घेतलात, तर कागदोपत्री तुम्ही कारखान्यात झोपता. भरावाचंही विचारू नका. वाफेवरच्या मिलला बॉयलरसाठी पाणी साठवावं लागे, कोळशाची राख रोज निघे. अशा आवारात कुठे हौद बुजवलेला असतो, कुठे विहीर, कुठे राखेचा ढीग पसरून सपाटी केलेली. वरून छान मैदान दिसतं. भराव बसतो तो तुम्ही राहायला गेल्यावर, आणि सगळीकडे सारखा बसत नाही.

जुन्या पेठेतला वाडा हा आणखी वरचा प्रकार. धुळ्याच्या नंबरी गल्ल्यांत एखादं धाब्याचं घर आजोबांच्या नावावर असतं, आजोबा जाऊन जमाना झालेला असतो, आणि वारसनोंद ‘करू की’ या अवस्थेत असते. विकायला समोर बसतो तो थोरला मुलगा. बहिणींचं विचारलंत तर म्हणतो, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळ्या माहेरी येतात तेव्हा सह्या घेऊ. तुम्ही हो म्हणा. 2005 पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा हिस्सा मुलांइतकाच आहे आणि हक्कसोडपत्र नोंदवलेलंच लागतं, हे आंबरस-पुरणपोळीच्या पंगतीत कुणाला आठवणार नाही. पुढच्या आखाजीला मात्र एका भाच्याला नक्की आठवतं. भाचा पुण्याला लॉ करत असतो.

आता जमिनीकडे वळू. वळू म्हणजे पाहू नव्हे. खान्देशात बऱ्याच ठिकाणी कापसाची काळी माती आहे. पाणी पिऊन ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कपाशीला ती मानवते, पायाला नाही. शहाणा इंजिनिअर आधी चाचणीचा खड्डा घेतो, पक्का मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खाली जातो, जोत्यात निघालेली काळी माती परत न ढकलता मुरूम भरून पाणी मारून थर थर धुमसतो, आणि घराभोवती मीटरभर रुंदीचा पक्का पट्टा करतो, म्हणजे पावसाचं पाणी पायाशी मुरत नाही. हे सगळं दिसत नाही, म्हणून त्यावर खर्च करणं हा शुद्ध वेडेपणा. तीन-चार फुटांवर थांबा. उरलेल्या पैशांत पुढच्या भिंतीला दगडी टाइल लावा. पहिल्या पावसाळ्यात दार चौकटीत अडकेल, दुसऱ्यात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघेल. मिस्त्री पुट्टी भरून देईल आणि म्हणेल, ‘प्लास्टरची शे’. भेग प्लास्टरची असेल तर वाढत नाही. हिची लांबी पेन्सिलने खूण करून तारीख टाकून ठेवली तर दोन ऋतूंत कळतं, पण नव्या रंगावर पेन्सिल कोण फिरवतं?

बांधकाम चालू असताना साइटवर फिरकू नका, विशेषतः एप्रिल-मेमध्ये. पारा 45 च्या आसपास असताना ओतलेल्या स्लॅबवर निदान दोन आठवडे पाणी तुंबवून ठेवावं लागतं. दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राची राख मिसळलेलं सिमेंट असेल तर हे आणखीच पाळावं लागतं, कारण ते ताकद सावकाश पकडतं. पण टँकरला पैसे पडतात, म्हणून तिसऱ्या दिवसापासून स्लॅबवर नुसती ओली गोणपाटं दिसतात, चौथ्या दिवशी नुसती गोणपाटं. ताबा घेतानाही चाचण्या करायच्या नसतात. नाण्याने टाइल वाजवून पोकळ आवाज ऐकणं, बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतून ते जाळीकडे जातं की दाराकडे हे बघणं, गच्चीवर दोन दिवस पाणी अडवून खालचं छत तपासणं, हे सगळं बिल्डरचा अपमान करण्यासारखं आहे. ताब्यापासून पाच वर्षांत निघालेला बांधकामाचा दोष त्याने विनामोबदला दुरुस्त करायचा, असं रेरा हा घरखरेदीचा कायदा म्हणतो. म्हणू दे.

रेराचा विषय निघालाच तर सांगून टाकू. जमीन 500 चौरस मीटरच्या आत असेल किंवा फ्लॅट आठच असतील, तर प्रकल्प नोंदवावा लागत नाही. आपल्याकडच्या इतक्या इमारती बरोब्बर आठ फ्लॅटच्या का असतात, यावर संशोधन करत बसू नका. नोंदवलेल्या प्रकल्पात करार नोंदणीआधी दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाहीत आणि भाव कार्पेटवर, म्हणजे आतल्या वापरायच्या जागेवर बोलावा लागतो. तुम्ही मात्र ‘सुपर बिल्टअप हजार फूट’ यावरच समाधानी राहा. सामाईक जागेपोटी पस्तीस टक्के लोडिंग धरलं तर आत 740 फूट उरतात. बाकीचे 260 जिन्यात, लिफ्टच्या खड्ड्यात आणि बिल्डरच्या बोलण्यात आहेत.

पाण्याचं गणित करू नका, केलंत तर घरच घेणार नाही. माणशी दिवसाला 135 लिटर हा सरकारी हिशेब. पाच माणसांचे 675, त्यात मेमध्ये मोठा कूलर दिवसाला शंभरेक लिटर पितो, म्हणजे पावणेआठशे. नळ पाच दिवसांआड येत असेल तर घरटी जवळपास चार हजार लिटर साठवण हवी. बिल्डरने दहा फ्लॅटना मिळून दहा हजारांची टाकी दिलेली असते, म्हणजे वाट्याला सव्वा दिवस. उरलेल्या दिवसांसाठी बोअर आहे ना! तिचं पाणी किती क्षारी आहे ते तपासून घेऊ नका. तोटीवर पांढरा थर धरला आणि गिझरचं कॉइल गेलं की आपोआप कळतं. टाकी गच्चीवर काळी असेल तर दुपारी बारानंतर गिझर तसाही लागत नाही.

फ्लॅट वरच्या मजल्यावरचा आणि पश्चिमेचा घ्या, सूर्यास्त दिसतो. स्लॅबवर चुन्याचा पांढरा लेप किंवा चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी असली तर आतली धग बरीच कमी होते, पण आपल्याला फरक नको, अनुभव हवा. कूलर ठेवायला बाहेरून छज्जा आणि समोरच्या भिंतीत हवा निघून जायला उघडी खिडकी लागते. ती नसेल तर कूलर खोली थंड करत नाही, नुसती ओली करतो. रात्री गाद्या दमट लागू लागल्या की समजावं.

नदीकाठ तर सोडूच नका. पांझरेचं पात्र वर्षातून बराच काळ कोरडं असतं, तितूरही तशीच, मग घाबरायचं कशाला? पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल रेषा नकाशावर असते, जमिनीवर कुणी रंगवलेली नाही. 31 ऑगस्ट 2021 ला चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्या घरांत शिरल्या तेव्हा त्यांनी नकाशा पाहिला नव्हता. तुम्हीही पाहू नका. फिटंफाट.

गावाबाहेर प्लॉट घेणार असाल तर ‘ओपन स्पेस’ला लागून असलेला शोधा. 4,000 चौरस मीटरच्या पुढच्या लेआउटमध्ये दहा टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. ती मोकळी राहते ती पहिल्या गणपतीपर्यंत. मग पत्र्याचा मंडप, मग ओटा, मग मंदिर, मग सभामंडप, मग लाउडस्पीकर. भक्तीला आमचा विरोध नाही, मुलांनी क्रिकेट कुठे खेळायचं एवढंच विचारायचं होतं. स्वस्त हवा असेल तर शेतातला गुंठा घ्या, 1,089 चौरस फूट. एन.ए. (बिगरशेती परवानगी) नाही, मंजूर नकाशा नाही, सातबाऱ्यावर अकरा अनोळखी लोकांसोबत तुमचं सामाईक नाव. बँक कर्ज देत नाही, ही तर बचतच झाली. चतुःसीमेत ‘पूर्वेस लिंबाचं झाड’ लिहिलं की मोजणीची गरज उरत नाही. झाड तोडलं जाईपर्यंत.

पैशाचं शेवटी. अर्धी रक्कम रोख द्या. स्थावराच्या व्यवहारात वीस हजारांपासून पुढे रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, पण दंड त्याला, तुम्हाला काय? सौदा मोडला तर रोख दिल्याचा कागद नसतो, एवढीच किरकोळ अडचण. खरेदीखत स्वतःच्या नावावर करा. शहरात मुद्रांक सहा टक्के, नुसत्या बाईच्या नावावर पाच. तीस लाखांच्या घरात हे तीस हजार होतात, नोंदणी शुल्काच्या कमाल मर्यादेएवढे. सवलत नको असेल तर बायकोच्या नावासोबत आपलंही नाव घाला. तेवढ्याने ती जाते, आणि नातेवाइकांत मान राहतो.

भोगवटा प्रमाणपत्र आलेलं नसेल तर बिल्डर म्हणतो त्याप्रमाणे ‘प्रोसेसमध्ये’ आहे असं धरून राहायला जा. खरेदीखत झालं की फेरफार, सिटी सर्व्हेची नोंद, घरपट्टीचं नाव यांपैकी काही करू नका. जुना मालक कागदावर मालकच राहील आणि गरज पडलीच तर तुमच्या घरावर कर्जही काढून बघेल. वीजमीटरही त्याच्याच नावावर असू द्या. त्याची जुनी थकबाकी निघाली तर नोटीस त्याच्या नावाने येईल आणि वायरमन शिडी तुमच्या भिंतीला लावेल.