गरोदर बाईच्या घरातून मांजर हाकलू नका

गेल्या शनिवारी रात्री साडेअकराला धाकट्या बहिणीचा फोन आला. ती चारकोपला राहते, पाचवा महिना चालू आहे. फोनवर नुसती रडत होती. तिच्या सासूबाईंना, मी त्यांना काकू म्हणते, महिला मंडळाच्या ग्रुपवर एक मेसेज आला होता आणि चिंगीला सकाळी पोत्यात घालून मासळी बाजारात सोडून यायचं घरात ठरत होतं. चिंगी म्हणजे तिची मांजर.

तो मेसेज मलाही आतापर्यंत तीन ग्रुपवरून आलाय. घरात मांजर असेल तर गर्भ पडतो. तिचा केस पोटात गेला तर बाईला मूल होत नाही. मांजराला माया नसते, ती घराची असते, माणसाची नाही. मांजर पाळणाऱ्याचं मन खचतं, घरात लक्ष्मी टिकत नाही. आणि शेवटी, सगळ्या लेकीसुनांना पाठवा.

गर्भाचं आधी बोलू, कारण सगळं नुकसान त्या एका ओळीने होतंय. त्यात अर्धं खरं आहे, ते नाकारत नाही. टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीची अंडी मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडतात. गरोदरपणात बाईला हा संसर्ग पहिल्यांदाच झाला तर गर्भपात होऊ शकतो, बाळाच्या डोळ्यांना, मेंदूला इजा होऊ शकते. पण मांजर ही अंडी रोज टाकत नाही. तिला स्वतःला पहिल्यांदा लागण झाली की साधारण एक ते तीन आठवडे टाकते, आणि बहुतेक मांजरांच्या बाबतीत हे आयुष्यात एकदाच होतं. ताजी अंडी बाधतही नाहीत, त्यांना तयार व्हायला १ ते ५ दिवस लागतात. म्हणून डॉक्टर सांगतात की लिटर ट्रे, म्हणजे मांजर ज्यात शी-शू करते तो ट्रे, रोजच्या रोज साफ करा, तो गरोदर बाईने करू नये, करावाच लागला तर हातमोजे घालावेत, मांजराला कच्चं मांस देऊ नये, बाहेर सोडू नये. मांजर टाकून द्या असं त्यात कुठेही नाही.

मग गरोदर बायकांना हा संसर्ग होतो कुठून? युरोपातल्या सहा शहरांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास २००० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. त्यात ठिकाणानुसार ३० ते ६३ टक्के संसर्ग अर्धकच्च्या किंवा नुसत्या खारवलेल्या-सुकवलेल्या मांसातून आल्याचं दिसलं, ६ ते १७ टक्के मातीतून. मांजराच्या सहवासाने धोका वाढल्याचं दिसलं नाही. चिंगी दोन वर्षांत दाराबाहेर गेलेली नाही, उकडलेला बांगडा आणि सुकं खाणं खाते. त्याच घरात कोथिंबिरीची जुडी नळाखाली एकदा हिसळून चटणीत पडते आणि बहीण उघड्या हातांनी कुंड्यांची माती उकरते. काकू, काळजी करायचीच तर त्या जुडीची करा. पालेभाजी नीट धुवा, मटण पूर्ण शिजवा.

आता मन खचण्याबद्दल. इथे मला खरा राग येतो. तीन वर्षांपूर्वी बहिणीचं पहिलं मूल पोटातच गेलं. तेव्हा घरात मांजर नव्हतं. त्यानंतर चार महिने ती दुपारी दोनपर्यंत अंथरुणातून उठत नव्हती, फोन उचलत नव्हती. मग पावसात जिन्याखाली हे मुठीएवढं पिल्लू सापडलं, डोळे चिपडांनी चिकटलेले. दर तीन तासांनी त्याला ड्रॉपरने दूध पाजायचं होतं, म्हणून ती उठायला लागली. पहाटे सहाला चिंगी तिच्या छातीवर चढून पंजांनी कणीक तिंबल्यासारखं करायची, घशात घरघर चालू, आणि भूक लागल्याचं सांगितल्याशिवाय खाली उतरायची नाही. औषधं होती, समुपदेशकही होती, त्यांचं श्रेय मांजराला देत नाही. पण सकाळ तिला चिंगीनेच परत आणून दिली.

अमेरिकेत वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात २०१९ साली २४९ विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला. जे दहा मिनिटं मांजरं-कुत्री कुरवाळत बसले, त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, इतरांपेक्षा कमी झालं. दहा मिनिटांचाच प्रयोग आहे, त्यातून फार मोठं काही सिद्ध होत नाही. मन खचतं याच्या मात्र ते उलटं आहे.

माया नसते म्हणे. ओरेगन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी, तेही २०१९ सालीच, पिल्लांना मालकासोबत अनोळखी खोलीत ठेवलं, मालकाला दोन मिनिटं बाहेर पाठवलं आणि परत आणलं. सुमारे ६४ टक्के पिल्लं मालक आल्यावर सावरली आणि निर्धास्तपणे खोली हुंगायला लागली. माणसाच्या तान्ह्या बाळांतही आईच्या बाबतीत साधारण हेच प्रमाण दिसतं. मांजर माया करते, पण तिच्यावर जबरदस्ती चालत नाही. बहीण सुरुवातीला तिला ओढून मांडीवर घ्यायची आणि ओरखडे खायची. आता नुसतं बोट पुढे धरते, थांबते, चिंगी नाक लावते आणि मग येते. माझी ही बहीण लहानपणापासून उतावळी, समोरच्याचं वाक्य पुरं होऊ न देणारी. हल्ली माझं बोलणं संपेपर्यंत थांबते.

केसाचं थोडक्यात. केसाने वांझपण येत नाही. अॅलर्जी असते, पण ती मांजराच्या लाळेतल्या आणि त्वचेवरच्या प्रथिनाची. घरात कुणाला दमा असेल तर डॉक्टरांना जरूर विचारा. लक्ष्मीबद्दल मी वाद घालणार नाही. एवढंच सांगते की लेकरांची राखण करणारी षष्ठीदेवी, जिला आपण सटवाई म्हणतो, तिचं वाहन मांजर आहे.

आणि पोत्यात घालून सोडून येणं हा गुन्हा आहे, प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६०, कलम ११. घरात वाढलेली मांजर बाजारातल्या बोक्यांपुढे आठवडाभरही टिकणार नाही.

रविवारी सकाळी सातला मी चारकोपला पोचले. काकूंना हे सगळं समोर बसून सांगितलं, बहिणीच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावून दिला. त्यांनीही तेच सांगितलं. लिटर ट्रे आता भाऊजी साफ करतात, ऑफिसला निघायच्या आधी. काकूंनी चिंगीला अजून हात लावलेला नाही. मासळी बाजाराचं मात्र पुन्हा कुणी बोललेलं नाही.