कचऱ्याचे पैसे द्यायचे की नाही?

आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर काल एक मेसेज फिरला: ‘कचरा नेणाऱ्या ताईंना महापालिका पगार देते, महिन्याचे पैसे देऊ नका.’ हे चूक आहे.

दारावर येतात त्या ‘स्वच्छ’च्या सभासद. ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था. २००८ पासून महापालिकेशी करार करून ती पुण्यात घरोघरचा कचरा गोळा करते. पालिका साधनं पुरवते, पगार देत नाही. आपण देतो ते महिन्याचे पैसे आणि सुक्यातलं भंगार विकून जे मिळेल ते, हीच त्यांची कमाई.

‘भंगारात बक्कळ मिळतं की!’ असंही कुणी लिहिलंय. एकदा सकाळी गेटपाशी उभं राहून बघा. ढकलगाडीवर ताई पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या, बाटल्या वेगळ्या करत असतात. आमटीत भिजलेला पुठ्ठा आणि चिप्सची पाकिटं बाजूला जातात, त्यांना कोण भाव देणार? (आमटी आपलीच.)

आणि हो, डायपर, पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, ही ग्रुपवरच आलेली सूचना मात्र खरी आहे. उघडं पॅड हातात आलं की कसं वाटतं, ते त्यांनाच विचारा.