बारीक झालेली गाडी

बोटांची सालपटं अजून भरलेली नाहीत, त्यामुळे हे रागातच लिहितोय. जुन्या गाडीचा 'इंजिन तपासा' सांगणारा पिवळा दिवा लागला. स्कॅनर जोडला, फोनवर बिघाडाचा कोड आला पी०१७१. म्हणजे इंजिनात हवा जास्त, पेट्रोल कमी. ही बातमी ऑक्सिजन सेन्सरने दिली होती, म्हणून मी ऑक्सिजन सेन्सरच बदलला. या वाक्यात काही चुकतंय असं मला तेव्हा वाटलं नाही. २२ मिलिमीटरचा पाना, गंजून बसलेले आटे आणि माझी बोटं यांची अर्धा दिवस झटापट झाली. कोड पुसला. दुसऱ्या संध्याकाळी दिवा पुन्हा हजर.

इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडलं आणि शेजारचे काका आले. काकांनी आयुष्यात गाडी घेतलेली नाही. पण कुणाच्या दारात ॲम्ब्युलन्स थांबली की पावलं जशी वळतात, तशी त्यांची उघड्या बॉनेटकडे वळतात.

"काय होतंय हिला?"

मी फोन पुढे केला. काकांनी 'सिस्टम टू लीन' असं मोठ्याने वाचलं आणि गाडीभोवती एक सावकाश फेरी मारली.

"लीन म्हणजे बारीक! वरून तर दिसत नाही. पण बारीक होण्याला कारण असतंच. आमचे साडू असेच वाळत चालले होते. थायरॉइड निघाला."

"काका, तसं बारीक नाही. सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतोय."

"जास्त? मग चांगलंच की! किती आहे?"

"ते व्होल्टमध्ये मोजतात. शून्य पॉइंट एकवर अडकलंय."

काकांचा चेहरा पडला. "पॉइंट एक? अहो, नव्वदच्या खाली गेलं की माणसाला ॲडमिट करतात!"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. त्याऐवजी मी शिकवायला लागलो. पी म्हणजे पॉवरट्रेन, शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना लागू असलेला कोड, एक म्हणजे हवा-इंधनाचं खातं. काका मान डोलावत होते. शेवटी म्हणाले, "रात्रभर बॅटरीची वायर काढून ठेवा. विसरेल."

विसरेलही. बऱ्याच जुन्या गाड्या विसरतात. पण कोडबरोबर बिघाडाच्या क्षणी इंजिन किती गरम होतं, किती फेऱ्यांवर होतं, ही नोंदही जाते. एकमेव साक्षीदार. काकांवर चिडायची सोय नव्हती, कारण कोड पुसून तो साक्षीदार मीच आधी हाकलला होता.

चिडायचंच तर त्या दिव्यावर. पेट्रोलचं झाकण सैल राहिलं तरी तो पिवळा, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कामातून गेला तरी तोच पिवळा. आणि जुन्या गाडीतलं प्लास्टिक! सेन्सरची वायर सुटावी म्हणून क्लिप नुसती दाबली, तर ती खडूसारखी मोडून हातात आली. एक शोधायला जावं तर दोन मोडतात, आणि मोडलेल्यांचा कोड येत नाही.

"तुमची गाडी मला मानवत नाही," काका अचानक म्हणाले. "हिच्याजवळ आलो की कानातलं यंत्र शिट्टी मारतं. महिनाभर चाललंय. दोनदा दुरुस्तीला दिलं."

"आत्ता मारतंय?"

"मारतंय ना!" त्यांनी यंत्र कानातून काढून माझ्यापुढे धरलं.

यंत्र त्यांच्या तळहातावर मुकाट पडलं होतं. शिट्टी इंजिनातून येत होती. इंजिनाच्या पोटातली, म्हणजे क्रँककेसमधली, वाफ परत आत ओढणारी पीसीव्हीची रबरी नळी, तिच्या कोपराला खालच्या बाजूने, आरशाशिवाय दिसणार नाही अशी, नखाएवढी चीर. अंगठा दाबला, शिट्टी थांबली, इंजिनाची धाप बसली. उभ्या गाडीत फ्युएल ट्रिम, म्हणजे इंजिन पेट्रोल किती वाढवून घेतंय तो आकडा, अधिक २४ टक्के आणि २,५०० फेऱ्यांवर नेलं की ६, हे आकडे स्कॅनर पहिल्या दिवसापासून दाखवत होता. आयडलला, म्हणजे उभ्या गाडीत नुसतं चालू असताना, इंजिन मुळात थोडीच हवा घेतं, म्हणून चिरेतून आलेल्या फुकटच्या हवेचा वाटा तेव्हाच जास्त. मी कोडच्या खालची ओळ वाचलीच नव्हती.

नवी नळी बसवली. दिवा परत लागलेला नाही. जुना सेन्सर, जो बहुधा धडधाकट होता, डिकीत लोळतोय.

आज सकाळी काका खुशीत होते. यंत्र सुधारलं म्हणाले. दुसऱ्या दुरुस्तीचा गुण जरा उशिरा आला, पण तो दुकानदार हुशार आहे, असं सगळ्यांना सांगत सुटलेत. मग माझ्या गाडीच्या टपावर हात ठेवून हळूच विचारलं, "वजन वाढलं का थोडं?"